नाव ठेवताना 'नावं' ठेवू नका!

मीरा रोडच्या टॉवर्समध्ये सध्या बाळापेक्षा बाळाच्या नावाची चर्चा जोरात आहे. नाव युनिक हवं, शॉर्ट हवं आणि अर्थ एकदम भारी हवा. पण हा अर्थ सांगतंय कोण? आणि ज्या मुलींना नावातूनच 'नको' म्हटलं गेलं, त्यांचं पुढे काय झालं?

मराठी भाषा भलतीच खट्याळ आहे. बाळाचं 'नाव ठेवलं' की पेढे वाटतात. त्याच 'नाव'वर एक टिंब चढवून कुणाला 'नावं ठेवली' की भांडणं होतात. फरक फक्त एका अनुस्वाराचा. आणि आमच्या मीरा-भाईंदरमध्ये हा अनुस्वार सध्या अनेक नव्या आई-बाबांच्या डोक्यावर बसलाय.

दादर-गिरगावातलं भाडं परवडेना म्हणून इकडे सरकलेली, रोज चर्चगेट लोकलमध्ये एका पायावर उभं राहून ऑफिस गाठणारी आपली पिढी आता पाळणे हलवू लागलीय. गेल्या वर्षभरात माझ्या मित्रमंडळींत पाच बाळं आली. पाचही वेळा मला फोन आला, 'तू लिहितेस ना, मग एखादं हटके नाव सुचव!' अटी ठरलेल्या. दोन, फार तर अडीच अक्षरं. परदेशी क्लायंटला उच्चारता येईल असं. शेजारच्या विंगमध्ये नसलेलं. आणि हो, पत्रिकेतल्या अक्षरावरून सुरू होणारं.

हे शेवटचं कलम जाम अवघड. बाळ हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणात जन्मलं तर अक्षर येतं 'ण'. आर्द्राच्या तिसऱ्या चरणात 'ङ'. आता काढा नाव! एका मित्राने तर वैतागून एक्सेल शीटच बनवली. कॉलम चार: नाव, अर्थ, उच्चार आणि सासूबाईंचं मत. चौथा कॉलम सगळ्यात आधी भरला. दुसरा मात्र त्याने नेटवरून जसाच्या तसा उचलला. खरी गंमत तिथेच आहे.

अर्थ काय म्हणालात?

सध्याचं सुपरहिट नाव घ्या, मायरा. नेटवर अर्थ मिळतो 'प्रिय', 'लाडकी', कुठे कुठे तर चक्क 'देवी'. संस्कृत शब्दकोशात मात्र ही देवी शोधूनही सापडत नाही. पण भाईंदरमधल्या कुठल्याही राजस्थानी काकूंना विचारा, त्या लगेच अर्थ सांगतील. भाच्यांच्या लग्नात मामा वाजतगाजत जो आहेर घेऊन येतो, तो मायरा. नरसी मेहतांच्या गोष्टीतला 'नानीबाई रो मायरो' त्यांच्याकडे भक्तिभावाने ऐकला जातो. म्हणजे तुम्ही हौसेने 'मायरा, मायरा' अशी हाक मारताय आणि समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंच्या डोळ्यांपुढे साड्या नि दागिन्यांची ताटं येतायत. वाईट काहीच नाही, उलट शुभच. पण एक्सेल शीटमध्ये हे नव्हतं!

कियाराची तर दोन टोकं. हे नाव आपल्याकडे पोचलं सिनेमातून. 2010 च्या 'अंजाना अंजानी'मध्ये प्रियांका चोप्राच्या पात्राचं ते नाव होतं. आयर्लंडमध्ये त्याचं मूळ जातं 'काळा' या शब्दाकडे, तर इटलीतल्या जवळजवळ तशाच नावाचा अर्थ 'उजळ'. आता तुमची लेक कुठली, ते तुम्हीच ठरवा. अनुष्का म्हणजे काय, यावर नेटवर डझनभर संस्कृत अर्थ मिळतील. रशियात मात्र ते 'आन्ना'चं लाडाचं रूप आहे. आपल्याकडे अनुराधाची 'अनू' होते ना, तसंच.

बरं, अस्सल संस्कृत नावं घेतली म्हणजे सेफ, असंही नाही. अनिकेत हे आपल्या पिढीतलं किती कॉमन नाव! प्रत्येक वर्गात दोन तरी असायचेच. निकेत म्हणजे घर. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो. मीरा रोडच्या वन बीएचकेचा वीस वर्षांचा हप्ता भरणाऱ्या एका अनिकेतला मी हे सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याला धीर द्यायला म्हटलं, अरे, गीतेच्या बाराव्या अध्यायात हा शब्द कौतुकाने आलाय, कुठल्याच घरात जीव न अडकलेल्या भक्तासाठी. तो म्हणाला, 'बँकेला सांग.'

अपर्णा म्हणजे जिने तपश्चर्येत झाडाचं पानसुद्धा खायचं सोडलं ती पार्वती. आजच्या भाषेत झिरो कॅलरी. अनामिका म्हणजे जिला नावच नाही ती. आणि अस्मिता? मराठी माणसाचा सगळ्यात लाडका शब्द. पण पतंजलींच्या योगसूत्रांत माणसाला छळणारे पाच क्लेश सांगितलेत, त्यातला दुसरा म्हणजे अस्मिता, 'मी'पणा. म्हणून काय सगळ्या अस्मितांनी नाव बदलायचं? मुळीच नाही. शब्द माणसांबरोबर प्रवास करतात, वाटेत अर्थ टाकतात, नवे उचलतात. आज 'अस्मिता' ऐकून कुणालाही क्लेश आठवत नाही. लोकलमध्ये सीट अडवून बसली असेल तर गोष्ट वेगळी.

नाव चांगलं, पण ती आठवण!

अर्थापेक्षा जास्त छळते ती आठवण. शनाया हे नाव 2012 च्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये आलिया भटने एकदम ग्लॅमरस करून टाकलं. मग 2016 मध्ये झी मराठीवर 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली आणि पुढची पाचेक वर्षं घराघरातल्या सासूबाई रोज रात्री शनायाच्या नावाने बोटं मोडत होत्या. त्या काळात ज्यांनी हे नाव शॉर्टलिस्ट केलं होतं, त्यांच्या शीटमधला चौथा कॉलम काय म्हणाला असेल, कल्पना करा.

इतिहासाचंही तसंच. सूर्याजी म्हटलं की कुणाला पिसाळ आठवतो, फितुरीचा दुसरा शब्दच जणू. पण तानाजींच्या मागे कोंढाणा लढवणारा त्यांचा भाऊही सूर्याजीच होता, सूर्याजी मालुसरे. नाव तेच. कुठला सूर्याजी आठवायचा, ते ऐकणाऱ्यावर.

कधी कधी हे आठवणं महागात पडतं. एप्रिल 2024 मध्ये अभिनेता चिन्मय मांडलेकरने जाहीर केलं की, तो यापुढे छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करणार नाही. 'फर्जंद', 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज'मध्ये प्रेक्षकांनी ज्याला महाराजांच्या रूपात डोक्यावर घेतलं, त्याने हे का ठरवावं? तर मुलाचं नाव जहांगीर आहे म्हणून घरच्यांवर सोशल मीडियातून होणारी घाणेरडी शेरेबाजी. ट्रोल करणाऱ्यांना फक्त मुघल बादशहा आठवला. जे. आर. डी. टाटांमधला 'जे' म्हणजे जहांगीर, हे आठवलं नाही. काळा घोड्याच्या ज्या जहांगीर आर्ट गॅलरीबाहेर आपण कॉलेजात तासन् तास टाइमपास केला, तीही आठवली नाही.

दगडूशेठ, भिकू आणि आजीचं लॉजिक

आता जरा उलट्या बाजूने बघू. अर्थ वाईट आहे हे पक्कं ठाऊक असूनही आपल्या पणजोबांच्या पिढीने मुद्दाम ठेवलेली नावं. दगडू, धोंडू, केरू, केरबा, भिकाजी, उकिरड्या. वाचूनच हसू येतं ना? 'टाइमपास'मधला दगडू परब किंवा 'सत्या'मधला भिकू म्हात्रे यांची नावं ऐकून थिएटरमध्ये आधी हशाच पिकला असेल.

पण या नावांमागचं लॉजिक ऐकलं की हसू थांबतं. तेव्हा पाळण्यातली मुलं पटापट जायची. देवी, पटकी, साधा ताप, काहीही कारण पुरायचं. दोन-तीन मुलं गेलेल्या घरात पुढचं मूल झालं की आई घाबरायची. नजर लागेल, सटवाई रुसेल, यम पुन्हा दार ठोठावेल. मग तिने युक्ती काढली. मुलाला 'दगड' म्हणायचं, 'केर' म्हणायचं, 'भीक मागून आणलाय' म्हणायचं. म्हणजे मृत्यूला वाटेल, इथे नेण्यासारखं काही नाहीये, आणि तो पुढच्या घरी जाईल. वाईट नाव म्हणजे बाळाच्या गालावरची काजळाची तीट. फरक इतकाच, की तीट आंघोळीला पुसली जाते आणि नाव जन्मभर राहतं.

नथुराम हे नाव असंच आलेलं. 1910 मध्ये जन्मलेल्या गोडशांच्या त्या मुलाचं मूळ नाव रामचंद्र. आधीचे मुलगे जगले नाहीत म्हणून त्याला मुलीसारखं वाढवलं, नाकात नथ घातली आणि रामचा नथुराम झाला. पोरगं जगावं म्हणून ठेवलेलं नाव. 30 जानेवारी 1948 नंतर ते उच्चारताना देशाला एकच गोष्ट आठवते.

दुसऱ्या टोकाला पाहा. पुण्यातल्या ज्या गणपतीपुढे अख्खा महाराष्ट्र रांग लावतो, तो ओळखला जातो दगडूशेठ हलवाईंच्या नावाने. आणि 1916 मध्ये मुलींसाठी विद्यापीठ काढणारे, 1958 मध्ये भारतरत्न मिळालेले महर्षी कर्वे यांचं पाळण्यातलं नाव होतं धोंडो. धोंडो हे नाव कधी अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मलेल्या मुलालाही ठेवत. कारण काहीही असो, त्या धोंड्याने किती मुलींचा रस्ता मोकळा केला!

म्हणजे वाईट नावातही प्रेम असू शकतं. मग मुलींच्या वाट्याला आलेल्या वाईट नावांत काय होतं?

नको, नकुशी, नकुसा

माझं आजोळ कराडजवळचं. तिथे आईच्या एक मावशी होत्या. सगळे त्यांना नकूमावशी म्हणायचे. आम्हा मुलांना ते नाव लाडाचंच वाटायचं, छकू, बकू, नकू. कॉलेजात असताना आईने एकदा सहज सांगितलं की, नकूचं पूर्ण नाव नकुसा. त्या चौथ्या. आधीच्या तीन बहिणींची नावं नीट, देवीची. चौथ्या वेळीही मुलगीच झाली तेव्हा बारशालाच सांगून टाकलं, आता नको. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, असा समज होता.

लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, लक्ष्मी. त्या बँकेत सही करायच्या लक्ष्मीबाई म्हणून, आणि माहेरी कुणी 'नकू' म्हटलं की ओ द्यायच्या. त्यांना पहिली मुलगी झाली, तेव्हा नाव काय ठेवायचं हे त्यांनी कुणालाही विचारलं नाही. त्यांनी ठेवलं हौसा.

नकूमावशी काही एकट्या नव्हत्या. सातारा जिल्ह्यात हे नाव इतकं रुळलेलं होतं की, जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने शोध घेतला तेव्हा शेकड्यांनी नकुशा सापडल्या. ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात एक सोहळा झाला. नवे कपडे घालून, केसांना रिबिनी बांधून आलेल्या 285 मुलींना नवी नावं मिळाली. हातात फुलं आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. शेवटचं नाव तर त्यांच्याच मातीतलं. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव सातारा जिल्ह्यातच आहे.

या मुलींनी आजवर वर्गात रोज हजेरी कशी दिली असेल, याचा विचार करा. बाई मोठ्याने म्हणणार, 'नकोशी?' आणि तिने म्हणायचं, 'हजर.'

टीव्हीने ही गोष्ट बरोबर हेरली होती. कलर्सवर 2009 मध्ये आलेल्या 'लागी तुझसे लगन'ची नायिका होती नकुशा. स्टार प्रवाहवर 2016 मध्ये मालिका आली, तिचं नावच 'नकुशी... तरीही हवीहवीशी'. आणि हा काही फक्त साताऱ्याचा दोष नाही. हरियाणात 'भतेरी' हे मुलीचं नाव आहे, अर्थ 'पुष्कळ झाल्या'. राजस्थानात 'धापू', म्हणजे 'पोट भरलं'. बंगालमध्ये 'आर ना काली', म्हणजे 'कालीमाते, आता पुरे'. चीनमध्ये 'झाओदी', 'धाकट्या भावाला घेऊन ये'. भाषा निरनिराळ्या, निरोप एकच.

इथे दगडू आणि नकुसा यांच्यातला फरक लख्ख दिसतो. अर्थ दोघांचाही वाईट. पण दगडूचं नाव यमाला उद्देशून होतं, 'याला नेऊ नकोस.' नकुसाचं नाव देवाला उद्देशून होतं, 'अशी पाठवू नकोस.' एकाला झाकून ठेवायला वाईट नाव, दुसरीला परत पाठवायला. शब्दकोश हा फरक सांगत नाही.

टॉवरमधली नकुशी

'ही गावाकडची गोष्ट झाली, आपण कुठे असली नावं ठेवतो,' असं म्हणून पान उलटू नका. खरंय, मीरा रोडच्या कुठल्याही पॉश नर्सरीत नकुशी सापडणार नाही. पण 'नको' म्हणायची वेळ शहराने पाळण्याच्याही आधी आणली. त्यासाठी नाव लागत नव्हतं, सोनोग्राफीचं मशीन पुरत होतं. म्हणून तर महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1988 मध्येच, देशात सगळ्यात आधी, कायदा केला. केंद्राचा कायदा आला 1994 मध्ये. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात 2001 च्या जनगणनेत 913 मुली होत्या, त्या 2011 मध्ये 894 झाल्या. साताऱ्यात मुली नवी नावं घेत होत्या, त्याच वर्षीचा हा आकडा. ज्या हजेरीपटावर आल्याच नाहीत, त्यांच्यासाठी प्रमाणपत्र कोण छापणार?

आणि आपण? माझ्या एका मैत्रिणीला दुसरी मुलगी झाली. बारशाला हॉल, फुगे, तीन मजली केक, सगळं होतं. नावही छान ठेवलं. पण लिफ्टमध्ये दोन बायका हळूच बोलत होत्या, 'दुसरीपण मुलगीच ना? असू दे, आता काय करणार.' त्या 'असू दे'मध्ये एक अख्खी नकुशी दडलेली होती. मैत्रीण माझ्या शेजारीच उभी होती, बाळ खांद्यावर घेऊन. तिने शांतपणे सांगितलं, 'काकू, आम्हाला मुलगीच हवी होती.' लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली आणि दोघी उतरल्या. त्यांचा मजला सातवा होता.

एक बदल मात्र मस्त झालाय. 1 मे 2024 आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर महाराष्ट्रात नाव असं लिहायचं: बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे मुलीला ठेवलेलं नाव आता तिच्यापाशी संपत नाही. साताऱ्यातल्या त्या 285 मुलींपैकी अनेक जणी आज विशी-पंचविशीत असतील. त्यांची मुलं शाळेत जातील, तेव्हा दाखल्यावर बाळाच्या नावाला लागून ऐश्वर्या असेल, वैशाली असेल, सावित्री असेल. 2011 मध्ये तो सोहळा झाला नसता, तर तिथे काय छापलं गेलं असतं?

बॉक्स: बारशाआधीचा होमवर्क

घाई नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती बाळाच्या नावाशिवायही होते. नाव पुढच्या 12 महिन्यांत विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत.

पण निष्काळजीपणाही नको. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून ड्रायव्हिंग लायसन्सपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे. स्पेलिंग दोनदा तपासा, न्यूमरॉलॉजीचा जादा 'ए' घालायच्या आधी तर चारदा.

डिक्शनरी उघडा. नेटवरचा अर्थ एखाद्या खऱ्या शब्दकोशात सापडतो का ते बघा. नाही सापडला तरी हरकत नाही. आवडलं म्हणून ठेवलं, असं बिनधास्त सांगा. खोट्या देवीपेक्षा खरी आवड बरी.

शेजारी विचारा. आपल्याकडे एका मजल्यावर चार भाषा नांदतात. गुजराती, राजस्थानी, मल्याळी, भोजपुरी शेजाऱ्यांना नाव ऐकवा. कुणी खुदकन हसलं तर कारण विचारून घ्या.

मोठ्याने हाक मारा. रविवारी संध्याकाळी गार्डनमध्ये, शंभर मुलांच्या गर्दीत, पूर्ण नाव आणि आडनावासकट. ऑफिसचा ईमेल आयडी कसा दिसेल, तेही लिहून पाहा.

नाव बदलणं शक्य आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. मग आधार, पॅन, पासपोर्ट, बँक अशी वरात. दमछाक होते, पण होतं. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंचं, गावाकडच्या एखाद्या चुलतबहिणीचं नाव अजूनही नकोशी असेल, तर हा फॉर्म भरायला त्यांच्याबरोबर अर्धा दिवस रजा टाका.

आत्याला सांभाळा. शेवटी कानात 'कुर्रर्र' तीच करणार आहे. एक्सेल शीट तिला आदल्या दिवशीच दाखवा, नाहीतर ऐनवेळी तिसरंच नाव पुकारलं जाईल!